आमचे ताप लिहून ठेवा

प्रति,
मा. अधिष्ठाता,
तसेच औषधवैद्यकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनऔषधवैद्यकशास्त्र विभागांतील सर्व डॉक्टर व विद्यार्थी,
डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

केसपेपरवर एक ओळ वाढवून द्या, मुख्यतः एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. हात थरथरणं, अंग आखडणं, चाल मंदावणं अशा कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, तक्रारी घेऊन जो कोणी तुमच्याकडे येईल, त्याला ‘आजवर आलेले मोठे ताप : कोणत्या वयात, कुठे, किती दिवस’ हे विचारून लिहावं आणि तो कागद पुढची तीस वर्षं जपून ठेवावा. असं काही तुमच्याकडे आधीच सुरू असेल तर मला आनंदच आहे, मग ते वाढवा. मागणी लहान आहे. ती का करते आहे हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

मी शहराच्या पूर्व भागात राहते. माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. माझे यजमान टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. ताण्याचा धागा तुटला की दोन बोटांत धरून गाठ मारायचे, ती इतक्या झटक्यात की बघणाऱ्याला माग थांबला होता हेही कळू नये. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, आधी सराव सुरू झाला की संध्याकाळी काठी पेलायला जायचे. ज्यांनी नंदीध्वज, म्हणजे जत्रेतली ती उंच काठी, पेलला आहे त्यांना ठाऊक आहे, खांद्यात ताकद लागतेच, पण खरा खेळ तोलाचा. 2016 च्या सरावात त्यांचा तोल पहिल्यांदा गेला. सोबतच्या पोरांनी काठी सावरली. आम्ही म्हटलं, वय झालं. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते.

त्याच्या आधीही बरंच काही होऊन गेलं होतं. शेंगाचटणीसाठी दाणे भाजताना करपले तरी त्यांना वास यायचा नाही. रात्री झोपेत हातपाय झाडायचे. एकदा मला कानशिलावर लागलं. पोट साफ व्हावं म्हणून कित्येक वर्षं इसबगोल चालू होतं. नाकाचा दोष आम्ही सर्दीवर घातला, झोपेचा रात्रपाळीवर आणि पोटाचा कडक भाकरीवर. तिन्ही गोष्टी एकाच घरातून येत असतील हे कुणाच्या मनातही आलं नाही.

2017 साली पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी कंपवाताचं निदान केलं. कागद लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “पूर्वी कधी मेंदूज्वर वगैरे झाला होता?” हे म्हणाले, “झालता की. सतराव्या वर्षी, मामाच्या गावाला. ताप डोक्यात गेलता. अकरा दिवस शुद्ध नव्हती.” डॉक्टरांचं पेन थांबलं. “कागद आहेत?”

कागद नव्हते. सासूबाईंनी ते बरीच वर्षं ट्रंकेत जपले होते, घर बदलताना गेले. मी त्या दवाखान्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, नाव घेण्यात अर्थ नाही. तिथल्या माणसाने आपुलकीनेच सांगितलं की इतकी जुनी रजिस्टरं नियमाप्रमाणे कधीच निकालात निघाली. 1976 चा तो ताप कोणत्या जंतूचा होता, हे आता जगात कुणीच सांगू शकणार नाही.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते, “त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही.” उत्तर प्रामाणिक होतं आणि मला आजही पटतं. पण घरी आल्यावर मी वाचायला लागले, ते अजून थांबलेलं नाही.

तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला एक काळसर पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशी डोपामाइन तयार करतात आणि हालचालीला सहजपणा येतो तो त्यामुळे. या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेलेल्या असतात. उरलेल्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या सापडतात. घराण्यातून आलेला दोष थोड्याच रुग्णांत दिसतो. बाकीच्यांत हे का सुरू होतं, याचं एक उत्तर नाही. काही रसायनं या पेशी मारतात हे पक्कं आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात भेसळीच्या नशेतून एमपीटीपी नावाचं द्रव्य शरीरात गेलेली तरुण माणसं एकाएकी कंपवाताच्या रुग्णांसारखी ताठरली होती. पॅराक्वाट आणि रोटेनोन या शेतीतल्या विषांवरही बोट आहे. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबाच्या फवारण्या किती होतात हे मी तुम्हाला सांगायला नको. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. मला आज विषाणूंबद्दल बोलायचं आहे.

ही शंका नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विचित्र आजार पसरला. माणसं दिवसच्या दिवस झोपून राहायची, काही त्यातच जायची. व्हिएन्नाच्या कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो यांनी 1917 मध्ये त्याचं वर्णन केलं. साधारण दहा वर्षांत तो आला तसा ओसरला. पण त्यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे, काहींना तर कित्येक वर्षांनी, कंपवात जडला. त्याच सुमारास 1918 चा इन्फ्लुएन्झाही जगभर फिरत होता, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला गेला. पुढे जपून ठेवलेल्या मेंदूंचे तुकडे नव्या तंत्राने तपासले तेव्हा त्यात फ्लूचा विषाणू सापडला नाही. त्या झोपेच्या आजाराचं कारण अजून उलगडलेलं नाही.

त्या 1918 च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. माझ्या आजेसासूबाई तो शब्द उच्चारताना आवाज खाली घ्यायच्या. मुंबई बंदरात उतरलेली ती साथ रेल्वेने देशभर गेली, आणि मुंबई-मद्रास लोहमार्ग आपल्या गावातूनच जातो. भारतात त्या साथीने सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसं नेली असा अंदाज आहे. वाचले त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असणार. त्यांच्यापैकी कुणाचे हात पुढे पंधरा-वीस वर्षांनी थरथरू लागले का? एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर या मातीत होतं आणि ते माणसांबरोबर गेलं. मला झोप येत नाही ती याच गोष्टीने.

डेन्मार्कमध्ये काय झालं ते पाहा. तिथे प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयातल्या आजारपणाची नोंद राष्ट्रीय रजिस्टरमध्ये राहते. 1977 ते 2016 या काळातल्या नोंदी संशोधकांनी उघडल्या. कंपवाताचे 10,271 रुग्ण घेतले आणि प्रत्येकाशी वय वगैरे जुळणारे पाच निरोगी, असे 51,355 जण तुलनेला. 2021 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना इन्फ्लुएन्झाचं निदान झालं होतं, त्यांच्यात दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर कंपवात होण्याची शक्यता सुमारे 1.7 पट दिसली. यातली दहा वर्षांची अट मला फार महत्त्वाची वाटते. कंपवात शरीरात आधीच दबा धरून असेल तर माणूस अशक्त होतो, त्याला फ्लू लवकर पकडतो, दवाखान्याच्या वाऱ्या वाढतात. म्हणजे आजारामुळे फ्लू असंही घडू शकतं. दहा-पंधरा वर्षांचं अंतर ठेवलं की ही गफलत कमी होते. पूर्णपणे जात नाही, कारण आमच्या घरी वास गेल्याला निदानाआधी किती वर्षं झाली होती हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

यावरून फ्लूमुळे कंपवात होतो असं कुणी म्हणू नये. फ्लू लाखोंना होतो, कंपवात त्यातल्या फार थोड्यांना. संबंध दिसणं आणि कारण सिद्ध होणं यांत अंतर असतं हे मी सातवीच्या मुलांनाही शिकवत असे.

हे अंतर ओलांडता येतं याचं अलीकडचं उदाहरण मल्टिपल स्क्लेरोसिसचं आहे. त्यात मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजतं. एपस्टाइन-बार या विषाणूवर संशय फार जुना होता, पण तो विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, मग सिद्ध कसं करायचं? अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त ठरावीक काळाने घेऊन साठवून ठेवतात. हार्वर्डच्या संशोधकांनी 1 कोटीहून अधिक सैनिकांमधून या आजाराचे 955 रुग्ण शोधले आणि आजाराच्या आधीचं त्यांचं साठवलेलं रक्त तपासलं. विषाणू अंगात शिरल्यानंतर आजाराची शक्यता 32 पट झाली होती. 2022 मध्ये हे जाहीर झालं आणि कित्येक दशकांचा वाद बराचसा मिटला. ते उत्तर कुठल्या महागड्या नव्या यंत्रातून आलं नाही. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नळीवर नाव-तारीख लिहून ती शीतपेटीत ठेवली होती, त्यातून आलं.

आता गेल्या काही महिन्यांत फोनवर फिरणाऱ्या बातमीकडे येते, कारण या पत्राला निमित्त तीच झाली. जुलै 2025 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी कंपवाताच्या 10 मृत रुग्णांचे आणि 14 इतरांचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं. ह्यूमन पेगीव्हायरस नावाचा विषाणू 10 पैकी 5 रुग्णांच्या मेंदूत मिळाला, बाकीच्या 14 पैकी एकातही नाही. हा विषाणू रक्तावाटे पसरतो आणि त्याने काही अपाय होतो असं आजवर सहसा मानलं जात नव्हतं. शोध महत्त्वाचा आहे, पण आकडा बघा : दहा आणि चौदा. त्या संशोधकांनीही हा विषाणू कारण आहे असा दावा केलेला नाही. आमच्या गल्लीत मात्र बातमी पोचली ती ‘कंपवाताचा व्हायरस सापडला’ अशी.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अक्का दारात आल्या. त्यांचा नातू यांच्या ताटातली पोळी खातो, रोजचंच आहे ते. अक्कांनी हळूच विचारलं, “वहिनी, भावजींच्या ताटातलं पोरानं खाल्लं तर चालतंय न्हवं?” त्या वाईट बाई नाहीत. यांना पहिल्यांदा रस्त्यात चक्कर आली तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. पण हे आत बसून ऐकत होते. त्या आठवड्यात त्यांनी ताट वेगळं घ्यायला सुरुवात केली, कुणी न सांगता.

म्हणून माझी दुसरी विनंती इथेच सांगून टाकते. ओपीडीच्या भिंतीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत एक फलक लावा : कंपवात एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. विषाणूची शंका उद्या खरी ठरली तरी ती त्या माणसाला कधीकाळी होऊन गेलेल्या संसर्गाबद्दल असेल. त्याचं ताट, त्याचा हात, त्याचं अंथरूण यांतून हा आजार कुणालाही होत नाही. आणि ‘व्हायरस मारणारं’ औषध विकायला येणाऱ्याच्या नादाने कुणी लेव्होडोपा ही आपली कंपवाताची गोळी बंद करू नये, हेही तिथेच लिहा.

विषाणू हे काम करू शकेल तरी कसं, यावर मी सर्वांत जास्त वाचलं. मला यातलीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. 2003 मध्ये जर्मनीच्या हायको ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की अनेक रुग्णांत अल्फा-सिन्युक्लीनच्या गुठळ्या त्या काळ्या पट्ट्यात सुरुवातीला नसतातच. त्या आधी वासाच्या केंद्रात आणि आतड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी दिसतात, मग हळूहळू वर सरकतात. त्यावरून त्यांनी तर्क केला की नाकातून किंवा पोटातून आलेला एखादा अनोळखी जंतू ही साखळी सुरू करत असावा. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर करपलेले दाणे आणि इसबगोलचा डबा एकदम उभे राहिले. ब्राक यांचा क्रम सगळ्याच रुग्णांना लागू पडत नाही, त्यावर वाद आहे. तरीही नाक आणि आतडं ही बाहेरच्या जगाला उघडी असलेली दोन दारं, आणि आजाराच्या खुणा आधी तिथेच दिसाव्यात, याकडे दुर्लक्ष करवत नाही.

त्यात अल्फा-सिन्युक्लीनची दुसरी बाजूही पुढे आली. हे प्रथिन मुळात शत्रू नसावं, पहारेकरी असावं. ज्या उंदरांत ते प्रथिनच नव्हतं, त्यांच्या मेंदूत वेस्ट नाइल विषाणू कितीतरी अधिक वाढला आणि ते जास्त मेले. आतड्याचं प्रत्यारोपण झालेल्या मुलांना नोरोव्हायरस या पोट बिघडवणाऱ्या विषाणूचा संसर्ग झाला तेव्हा त्यांच्या आतड्याच्या मज्जातंतूंत हे प्रथिन वाढलेलं दिसलं. म्हणजे विषाणू आला की पेशी हे प्रथिन बाहेर काढत असावी, आणि कधी कधी संकट टळल्यावरही ते आवरलं जात नसावं. ढीग साचत जातो, एका पेशीतून दुसरीत पसरतो, आणि पहाऱ्यासाठी आणलेलंच घर गिळतं. हा अजून तर्क आहे. पण उंदरांवरचे आणखी प्रयोग याच दिशेने बोट दाखवतात. 2009 मध्ये बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू नाकावाटे दिलेल्या उंदरांत तो मेंदूत शिरला, पुढे निघूनही गेला, पण काळ्या पट्ट्यातल्या पेशी त्यानंतर कमी झालेल्या आढळल्या. नंतरच्या एका प्रयोगात 2009 च्या साथीतला एच1एन1 मेंदूत न शिरताही उंदरांना एमपीटीपीच्या विषाला अधिक नाजूक करून गेला, आणि आधी लस दिलेल्या किंवा विषाणूविरोधी औषध दिलेल्या उंदरांत ते झालं नाही. माणसांत असंच होतं का, हे उंदीर सांगू शकत नाहीत.

आपल्या देशाजवळ या प्रश्नाचं स्वतःचं एक टोक आहे, ते म्हणजे जपानी मेंदूज्वर. भारतात तो 1955 मध्ये वेल्लोरच्या भागात पहिल्यांदा ओळखला गेला. भातखाचरांतल्या क्युलेक्स डासांमुळे तो पसरतो. 1999 मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांच्या एमआरआयमध्ये या तापाचा घाव नेमका सबस्टॅन्शिया नायग्रावर बसला होता आणि त्यांना कंपवातासारखी लक्षणं आली होती. हा नेहमीचा, हळूहळू वाढत जाणारा पार्किन्सन नव्हे, हा फरक ठेवलाच पाहिजे. पण एखादा विषाणू त्या पट्ट्याला शोधून गाठू शकतो, एवढं त्यातून दिसतं. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल, हिपॅटायटिस सी आणि तो पेगीव्हायरस हे सगळे विषाणू एकाच कुळातले आहेत. हिपॅटायटिस सी झालेल्यांत कंपवाताचं प्रमाण थोडं जास्त आढळल्याचे अभ्यास तैवान आणि ब्रिटनमधून आले आहेत. म्हणून माझ्या मागणीतल्या त्या ओळीत तापाबरोबर काविळीचीही विचारणा हवी.

माझ्या यजमानांचा ताप कोणता होता? जपानी मेंदूज्वर असेल, नसेल. क्षयाचा असेल, दुसऱ्याच कुठल्या विषाणूचा असेल. हे मी आता कुणाला विचारत नाही.

पण 2020 मध्ये कोरोना झालेल्यांबद्दल विचारणार आहे. ते विचारायची वेळ अजून गेलेली नाही. डेन्मार्कमध्ये दिसलेलं दहा वर्षांचं अंतर आपण धरलं, तर आपल्या शहरातल्या पहिल्या लाटेतल्या रुग्णांसाठी ते 2030 मध्ये भरतं. त्या तापात कितीजणांचा वास गेला होता! आमच्या गल्लीतल्या पोरींनी उदबत्ती नाकाशी धरून रडून घेतलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाही काही होऊ नये हीच प्रार्थना, आणि बहुतेकांना काही होणारही नाही. पण झालं की नाही हे कळायला तरी हवं. कुणाला कोरोना झाला, कुणाला ऑक्सिजन लागला, कुणाची लस कधी झाली, याच्या याद्या या एका आजाराच्या बाबतीत आपल्याकडे झाल्या. मानमोडीच्या वेळी नव्हत्या. त्या याद्या चार-पाच वर्षांत संगणकाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुजल्या, तर शंभर वर्षांनी पुन्हा तेच.

2025 च्या जानेवारीत पुण्यात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला, ते आठवत असेल. तेव्हा रुग्णांच्या शौचाचे नमुने लगेच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले, काहींत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले, पाण्याकडे लक्ष गेलं. पोटातला संसर्ग मज्जातंतूंवर उलटतो हे सामान्य माणसालाही समजलं, कारण दोन घटनांमध्ये काही दिवसांचंच अंतर होतं. कंपवातात ते अंतर एका पिढीचं असू शकतं. दिवसांचं अंतर प्रयोगशाळा ओलांडते. पिढीचं ओलांडायला कागदच लागतो.

तर मी नेमकं काय मागते आहे? आठवड्यातली एक ओपीडी कंपवाताच्या रुग्णांची ठेवा आणि त्यांचं एक रजिस्टर उघडा. त्यात मोठे ताप, कावीळ, रक्त चढवलं असल्यास कधी, कोरोना आणि लसी, फ्लूची लस घेतली असल्यास तीही. धंदा कोणता, माग की विडी की फवारणी की गवंडीकाम. वास कधीपासून नाही, पोट कधीपासून जड, झोपेत ओरडणं कधीपासून. हे शेवटचं घरच्या बाईला विचारा, रुग्णाला ते ठाऊकच नसतं. आणि कंपवात नसलेल्या त्याच वयाच्या माणसांनाही हेच सगळं विचारा, म्हणजे तुलना करता येईल. तुमच्या अस्थिव्यंग आणि नेत्रविभागाच्या रांगांत ती माणसं रोज बसलेली असतात.

प्रश्न लोकांच्या भाषेत हवेत. एन्सेफलायटिस हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नाही. इथे ‘ताप डोक्यात गेला’, ‘तापात बडबडत होता’, ‘फिट आली’ असं म्हणतात. तेलुगू आणि कन्नड घरांतले शब्द वेगळे. तुमचे विद्यार्थी दोन-तीन महिने वस्त्यांत फिरून हे शब्द गोळा करतील, तर ते काम एखाद्या प्रबंधाइतकं मोलाचं होईल. मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरायला तयार आहे. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत माझा एखादा विद्यार्थी निघेल.

मेंदूज्वराने भरती होऊन बरा होऊन गेलेला प्रत्येक रुग्ण, विशेषतः मूल, दर दोन वर्षांनी एकदा बोलावून बघा. ते मूल पन्नाशीत येईल तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत नसाल. रजिस्टर असेल.

संमती घेऊन थोडं रक्तही साठवता आलं तर फार बरं. त्याला उणे ऐंशी अंशांची शीतपेटी लागते, वीज सतत लागते, नैतिकता समितीची मान्यता लागते, हे सगळं मला माहीत आहे. खर्चाचं आहे. पण पुण्याची विषाणूविज्ञान संस्था 1952 पासून अडीचशे किलोमीटरवर उभी आहे. नमुने त्यांच्याकडे ठेवण्याची व्यवस्था लावता येईल का, हे पत्र लिहून विचारायला खर्च येत नाही. नोंदी मात्र आजच्या आज, वहीत, शाईने सुरू करता येतात. नावं झाकून ठेवा. ही माहिती विमा कंपनीला किंवा मालकाला कधीही मिळणार नाही, असं लिहून द्या, नाहीतर मागावरचा माणूस आपला आजार लपवेल. त्याचं पोट त्या बोटांवर आहे.

शेवटची गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. यांनीच लिहायला सांगितलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकारांच्या संस्थेत 1995 पासून मेंदूपेढी आहे. नॉर्थवेस्टर्नच्या त्या दहा रुग्णांनी मरणोत्तर आपले मेंदू दिले नसते तर तो शोधच लागला नसता. हे सगळं मी यांना वाचून दाखवलं. बोलणं आता पुटपुटल्यासारखं येतं, चेहरा हलत नाही, पण मी चाळीस वर्षं बरोबर आहे, मला कळतं. म्हणाले, “माझं डोस्कं द्या त्यांना. कागद हरवला, डोस्कं हाय की अजून.” मृत्यूनंतर काही तासांत हे काम व्हावं लागतं. सोलापुरातल्या घरातून ते कसं करायचं, कुणाला फोन करायचा, दाखला कोण देणार, मेंदू कुठे आणि कशात न्यायचा, हे आम्हाला सांगणारा एक माणूस तुमच्या महाविद्यालयात नेमा. नेत्रदानाची वाट लोकांना माहीत झाली, तशी हीही होईल.

येत्या मंगळवारी आम्ही ओपीडीत येतो आहोत. यांच्या धाकट्या मामांना, वय शहाऐंशी, फोन लावून आणि जुन्या डायऱ्या चाळून मी एक कागद तयार केला आहे. त्यावर लिहिलंय : 1976, पावसाळा, अकरा दिवस बेशुद्ध, झटके दोनदा, नंतर महिनाभर डावा हात जड. 1991, कावीळ, तीन आठवडे. 2006, चिकुनगुन्या, सांधे चार महिने. वास साधारण 2009 पासून कमी. 2020 ऑगस्ट, कोरोना, ऑक्सिजन लागला नाही. रक्त कधी चढवलेलं नाही. फ्लूची लस कधी घेतलेली नाही. खाली यांची सही आहे, अक्षर बारीक होत गेलंय पण त्यांचंच आहे. रजिस्टर उघडलंत तर पहिलं पान म्हणून हा कागद घ्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर